पिशवी किती वेळा?

टेबलावर पाच पिशव्या मांडल्या होत्या. भाजीवाल्याकडची पातळ काळी, औषधाच्या दुकानातली जाड पांढरी, मिठाईवाल्याची खाकी कागदी, साड्यांच्या दुकानाची हिरवी आणि बाईंनी घरून आणलेली, जुन्या परकराची शिवलेली. "यातल्या कापडी किती?" बाईंनी विचारलं. आठवीचा वर्ग एका सुरात ओरडला, "दोन!" बाईंनी हिरवी पिशवी पहिल्या बाकावर दिली आणि म्हणाल्या, हिच्यातून एक दोरा काढून दाखवा. पिशवी बाकावरून बाकावर फिरली. कुणी नखाने ओढलं, कुणी दाताने, एकाने कर्कटकाचं टोक खुपसलं. दोरा काही निघेना. निघाला तो नुसता भुरकट पुंजका. परकराच्या पिशवीची शिवण एका जागी उसवली होती, तिथून उभा दोरा निघाला, मग आडवाही निघाला. शेवटी बाईंनी हिरव्या पिशवीचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेला. त्याची राख झाली नाही. तो आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा मणी झाला.

ती हिरवी पिशवी पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच. विणलेली नाही, प्लॅस्टिकचे तंतू एकमेकांवर पसरून दाबलेले. व्यापारी तिला 'नॉनवोव्हन' म्हणतात आणि गिऱ्हाईक 'कापडी' म्हणतं. केंद्र सरकारच्या नियमांत ती प्लॅस्टिकच्याच खात्यात मोजली जाते. दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी असेल तर चालत नाही, असं बंधन ३० सप्टेंबर २०२१ पासून आहे. पण २०१८च्या प्लॅस्टिकबंदीनंतर महाराष्ट्रात दुकानोदुकानी तिचंच राज्य आलं, आणि आपण प्लॅस्टिक सोडलं असं समजून लोक ती घरी नेऊ लागले. त्यात मीही आले.

त्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. पिशवीचा धडा शाळांमधून कसा शिकवला जातो, तो शिकवून काय साधतं आणि त्यातलं किती खरं असतं, हे पाहायच्या खटपटीत मी होते. एवढं पाहून-वाचून माझं मत असं झालंय, की हा धडा आपण घोषणेसारखा शिकवतो. प्लॅस्टिक वाईट, कागद बरा, कापड उत्तम, वाजवा टाळ्या. प्रत्यक्षात तो गणिताचा धडा आहे, आणि थोडासा घरातल्या स्वयंपाकघराचा.

पर्यावरण हा विषय आपल्या शाळांमध्ये कोर्टाच्या वाटेने शिरला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तो शिक्षणाच्या सगळ्या पायऱ्यांवर शिकवायला सांगितलं. बारा वर्षं झाली तरी हालचाल दिसेना म्हणून २००३ साली पुन्हा खडसावलं. पदवीच्या वर्गांना सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम त्यातूनच आला, आणि त्याचं विद्यापीठ अनुदान आयोगासाठीचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातले एरक भरुचा यांनी लिहिलं. खाली प्राथमिकला 'परिसर अभ्यास' होताच. २००१-०२ पासून शाळाशाळांतून राष्ट्रीय हरित सेनेची मंडळं निघाली. म्हणजे चौकट कधीचीच तयार होती.

पिशवी या चौकटीत आली ती मात्र कायद्याच्या आणि पुराच्या धक्क्यांनी. २६ जुलै २००५चा मुंबईचा पूर, त्यानंतर २००६चे ५० मायक्रॉनचे नियम, मग २३ मार्च २०१८ची राज्याची अधिसूचना, मग केंद्राची ७५ आणि १२० मायक्रॉनची मर्यादा आणि १ जुलै २०२२ची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी. दर वेळी शाळांना परिपत्रक येतं आणि शाळा तीन गोष्टी करतात: प्रभातफेरी, घोषवाक्य स्पर्धा, शपथ. आमच्या भागात निघालेल्या अशा एका फेरीच्या पुढे दोन मुलांनी धरलेला लांबलचक फ्लेक्स होता. फ्लेक्स कशाचा असतो हे त्या मुलांना कुणी सांगितलं नसणार.

घोषणेत खलनायक लागतो, त्याची जन्मकथा लागत नाही. ती सांगण्यासारखी आहे. स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने सेलोप्लास्ट या कंपनीसाठी ही पिशवी तयार केली आणि १९६५ साली तिचं पेटंट मिळालं. प्लॅस्टिकची चपटी नळी घ्यायची, खाली-वर चिकटवायची आणि वरच्या बाजूला मधला भाग कापून टाकायचा, की दोन बंद आपोआप उरतात. तान्ह्या बाळाच्या झबल्यासारखा आकार, म्हणून आपल्याकडे ती 'झबला' झाली. थुलिन यांच्या मुलाने पुढे सांगितलं, की कागदी पिशव्यांपायी झाडं तुटतात याची वडिलांना काळजी होती; ही पिशवी हलकी, मजबूत, पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी त्यांची कल्पना होती, आणि ते स्वतः एक घडी करून खिशात ठेवत. खिशातून पिशवी न्यायची असते, हे झबल्याच्या जनकालाच ठाऊक होतं म्हणायचं.

मग बिघडलं कुठे? इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि वर्गात ते हमखास एकमेकांत मिसळतात. पिशवी बनवताना निसर्गातून काय जातं, हा एक. पिशवी हातातून सुटल्यावर तिचं काय होतं, हा दुसरा. झबल्याचं पहिलं खातं हलकं आहे आणि दुसरं फार जड.

दुसऱ्या खात्यातली उदाहरणं आपल्या दारात आहेत, फक्त ती वाढवून सांगायचा मोह आवरला पाहिजे. "पिशव्यांमुळे मुंबई बुडाली" असं मी एका भित्तिपत्रकावर वाचलं. त्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, समुद्राला भरती होती, मिठी नदीचं पात्र भरावाने आणि बांधकामांनी आक्रसलेलं होतं. पिशव्यांनी गटारांची तोंडं बुजवली हे खरं, पण त्या पुरातल्या त्या फक्त एक वाटेकरी होत्या. बांगलादेशाने १९८८ आणि १९९८च्या पुरांत हाच अनुभव घेतला आणि २००२ साली पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांवर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 'वाटेकरी' आणि 'कारण' यातला फरक कळतो. समजावून मात्र सांगावा लागतो.

गाईचं उदाहरण याहून नेमकं शिकवता येतं. आंध्र प्रदेशातल्या तेव्हाच्या अनंतपूर जिल्ह्यातल्या करुणा सोसायटीने २०१२ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. 'द प्लॅस्टिक काऊ' हा माहितीपट त्याच कामातून निघाला. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठलेलं प्लॅस्टिक पुढे सरकत नाही, बाहेर पडत नाही. दाबून दाबून त्याचा गोळा होतो आणि पोट भरल्यासारखं वाटत गाय उपाशी मरते. मुलं हे चित्र पाहून हळहळतात. पण गाईला पिशवी आवडते म्हणून ती खाते असं नाही. पिशवीत आपण कालचा भात, भाजीची देठं घालतो, वर गच्च गाठ मारतो आणि कोपऱ्यावर टाकतो. गाईला गाठ सोडता येत नाही. वास आतून येतो, म्हणून ती पुडकंच गिळते. ही गोष्ट सांगितल्यावर त्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मग गाठ नाही मारली तर?" बाई म्हणाल्या, "मग ओला कचरा पिशवीतच कशाला?" कायद्याचं एकही कलम न उच्चारता वर्ग कचऱ्याच्या वर्गीकरणापाशी येऊन पोचला होता.

आता पहिलं खातं. इथे मराठी शाळांमधलं शिकवणं जवळजवळ कोरं आहे, आणि इथेच मजा आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने २०११ साली सुपरमार्केटच्या पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब छापला. तापमानवाढीपुरतं पाहायचं, आणि साधी झबला एकदा वापरून फेकली असं धरायचं. तिच्याशी बरोबरी साधायला कागदी पिशवी ३ वेळा वापरावी लागते, जाड प्लॅस्टिकची ४ वेळा, नॉनवोव्हन ११ वेळा आणि नवी सुती पिशवी १३१ वेळा. लोकांनी झबल्याचा कचऱ्याच्या डब्याला अस्तर म्हणून दुसरा वापर केला, जो ब्रिटनमध्ये सुमारे चाळीस टक्के होतो असं त्यांनी धरलं, तर सुती पिशवीचा आकडा १७३ वर जातो. २०१८ साली डेन्मार्कमधून तर २०,००० हा आकडा आला. सेंद्रिय कापसाची पिशवी वीस हजार वेळा! तो जगभर गाजला आणि प्लॅस्टिकवाल्यांनी तो हौसेने नाचवला.

हे आकडे वर्गात टाकले तर मुलं काय म्हणतील, या भीतीने शिक्षक ते टाळतात. "मग प्लॅस्टिकच चांगलं ना?" असं एखादं कार्टं म्हणणारच. म्हणू द्यावं. मग आकडा उघडायला बसावं. डॅनिश आकडा अनेक परिणामांमधला सर्वांत वाईट परिणाम धरून काढलेला आहे, तो ओझोनच्या थराचा. नुसती तापमानवाढ धरली तर तीच सेंद्रिय पिशवी १४९ वर येते आणि साध्या कापसाची ५२ वर. शिवाय सेंद्रिय पिशवी आकाराने लहान निघाली म्हणून एका प्लॅस्टिक पिशवीसमोर तिच्या दोन धरल्या होत्या. आणि दोन्ही अभ्यासांत रस्त्यावर, नाल्यात, गाईच्या पोटात गेलेल्या पिशवीचं खातं उघडलेलंच नाही. युरोपात कचरा बहुतेक गोळा होतो, मग जाळला किंवा पुरला जातो. त्यांनी तसं धरलं. आपल्याकडे तसं धरता येत नाही.

ब्रिटिश आकड्यांवर एक साधा भागाकार करून पाहण्यासारखा आहे. तिथली झबला सुमारे ८ ग्रॅमची, सुती पिशवी सुमारे १८३ ग्रॅमची. भागलं की २३ येतात. म्हणजे १३१ मधला बराच मोठा वाटा नुसत्या वजनाचा आहे. ग्रॅमाला ग्रॅम ठेवून पाहिलं तर कापूस ढोबळमानाने सहापटच जड पडतो. सहावी-सातवीच्या मुलाला जमेल असं हे गणित आहे, आणि त्यातून 'पिशवी पातळ कापडाची शिवा' असा निष्कर्ष मुलं स्वतःच काढतात. पाण्याचंही असंच. जगाच्या सरासरीने एक किलो कापसाच्या मालाला सुमारे १०,००० लिटर पाणी लागतं, भारतात त्याच्या दुपटीहून जास्त. एका जाड सुती पिशवीमागे दोन ते चार हजार लिटर! आकडा ऐकून वर्ग गप्प होतो. पण लगेच पुढचा प्रश्न विचारावा: कुठलं पाणी? आपल्या वऱ्हाडातली कपाशी बहुतेक कोरडवाहू; ते पाणी नळाचं नाही, कालव्याचं नाही, शेतावर पडलेल्या पावसाचं आहे. पंजाबात कालव्याच्या पाण्यावरचा कापूस आणि यवतमाळचा कापूस एका आकड्यात बसवले की दोघांवर अन्याय होतो.

या सगळ्या हिशेबांत आपल्या घरची पिशवी कुठेच नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. १३१चा आकडा शेतातून निघून थेट गिरणीत आणि तिथून पिशवीत आलेल्या नव्या कापडाचा. परकराची पिशवी आधी दहा वर्षं परकर होती. कापसाचं, पाण्याचं, रंगाचं सगळं देणं तिने परकर असतानाच फेडलेलं असतं. तिच्या खात्यावर उरतो तो शिवणाचा दोरा आणि बाईंचा अर्धा तास. जुन्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं करणाऱ्या घरांना हा हिशेब शिकवावा लागत नव्हता. उलट आता दर समारंभात 'पर्यावरणपूरक भेट' म्हणून कोरी करकरीत, नाव छापलेली सुती पिशवी हातात पडते. माझ्या कपाटात अशा अकरा आहेत. दर वेळी एक वापरायची म्हटलं तर सगळ्यांनी १३१चा आकडा गाठेपर्यंत चौदाशेवर बाजार करावे लागतील, आणि तोवर मी हयात असेन का, शंकाच आहे.

कायद्याचा शब्द म्हणजे मायक्रॉन. तो प्रत्येक बातमीत असतो आणि कुणीही पाहिलेला नसतो. मिलिमीटरचा हजारावा भाग. भाजीवालीला तो मोजता येत नाही, तपासायला येणाऱ्यालाही नुसत्या डोळ्यांनी येत नाही. पण अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज असतो. त्याचं लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे दहा मायक्रॉन. एक थर मोजायला गेलं तर हाती काही लागत नाही. म्हणून बाईंनी पिशवीच्या एका थराच्या पट्टीची चार वेळा घडी घातली, सोळा थर झाले. बोटांनी दाबून हवा काढली, गेजमध्ये धरलं, आलेल्या मापाला सोळाने भागलं. काळ्या पिशवीचं उत्तर वीस मायक्रॉनच्या आसपास आलं. १२० मायक्रॉनची पिशवी म्हणजे अशा सहा पिशव्यांचं प्लॅस्टिक एकीत, हे फळ्यावर लिहिल्यावर एका मुलीने विचारलं, "मग कायद्याने प्लॅस्टिक कमी झालं की जास्त?" उत्तर साधं नाही. जाड पिशवीला दुकानदार पैसे मागतो, ती वाऱ्याने उडत नाही, भंगारात तिला भाव येतो. म्हणून जाडी वाढवली. पण तीही एकदाच वापरून फेकली, तर सहापट प्लॅस्टिक फेकलं. कॅलिफोर्नियात नेमकं हेच घडलं. पातळ पिशव्या बंद, 'पुन्हा वापरायच्या' जाड पिशव्या चालू, आणि पुढे पिशव्यांच्या कचऱ्याचं वजन घटायच्या ऐवजी वाढलं. ती पळवाट बुजवणारा कायदा त्यांना २०२४ साली करावा लागला. तिथल्याच बंदीच्या एका अभ्यासात दिसलं, की फुकटच्या पिशव्या बंद झाल्यावर लोकांनी कचऱ्याच्या डब्यासाठी विकतच्या छोट्या पिशव्या घ्यायला सुरुवात केली. त्यांची विक्री दुपटीहून जास्त झाली. घरात पिशव्यांची पिशवी भरून दाराच्या मागे टांगणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

शिकवून उपयोग होतो का? प्रामाणिक उत्तर असं, की माहितीने थोडा होतो, आणि शिक्षक समजतात तेवढा होत नाही. माहिती दिली की मत बदलतं आणि मत बदललं की वागणं बदलतं, ही सरळ रेघ संशोधकांनी केव्हाच खोडून टाकली आहे. २०१५ साली ब्रिटनमध्ये आठ ते तेरा वर्षांच्या मुलांवर समुद्री कचऱ्याच्या शिकवणीचा अभ्यास झाला. मुलांची समज वाढली, आपण कचरा कमी करतो असंही त्यांनी सांगितलं. 'सांगितलं' या शब्दावर थांबावं. याउलट पैशाचा परिणाम बिनबोभाट होतो. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये एका पिशवीवर १५ सेंट कर लावला आणि वापर नव्वद टक्क्यांहून जास्त उतरला. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरात झालेला अभ्यास तर गमतीचा आहे. स्वतःची पिशवी आणली तर पाच सेंट बक्षीस. काही फरक नाही. दुकानाची पिशवी घेतली तर पाच सेंट कर; आणि पिशवी घेणारे दहांतले आठ होते ते चारांवर आले. रक्कम तीच. मिळण्यापेक्षा जाण्याचं दुःख मोठं, हे कुठल्याही वाण्याला ठाऊक असतं. अर्थशास्त्रज्ञांना ते सिद्ध करावं लागलं. आपल्या धड्यांत हा भाग मला कुठेच सापडला नाही. 'तुमच्या दुकानात पिशवीला दोन रुपये लावले तर काय होईल?' हा प्रश्न मुलांना कुणी विचारत नाही.

मुलं स्वतः बाजार करत नाहीत, ही आणखी एक अडचण. बाजार करतात आई, बाबा, संध्याकाळी फिरायला गेलेले आजोबा. पण मुलांकडून घरापर्यंत काही पोचतं याचे पुरावे आहेत. सेशेल्समध्ये निसर्ग मंडळात पाणथळ जागांबद्दल शिकणाऱ्या मुलांच्या घरी पाण्याचा वापर सुधारलेला आढळला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १०-१४ वर्षांच्या मुलांना हवामानबदल शिकवला, घरी मुलाखत घेण्याचा गृहपाठ दिला, तेव्हा आईवडिलांची काळजी वाढली. परिणाम बापांवर जास्त झाला, आणि मुलींनी तो जास्त घडवला. त्या अभ्यासात मला महत्त्वाचा वाटतो तो गृहपाठ. मुलांनी आईवडिलांना उपदेश केला नाही, प्रश्न विचारले.

आपल्याकडे मात्र मुलांना पोलीस करायची हौस आहे. शपथपत्रावर पालकांच्या सह्या आणा, दुकानदारांना गुलाबाचं फूल द्या, पिशवी वापरणाऱ्याला टोका. एका फेरीत मुलांनी रस्त्यावर बसलेल्या भाजीवालीला गराडा घालून घोषणा दिल्या, ते दृश्य मला अजून टोचतं. २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तिच्या पाटीत सगळी मिळून हजाराची भाजी नसते. पिशवी मागतं ते गिऱ्हाईक, बनवतो तो कारखाना, आणि घोषणा ऐकते ती. दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं, हेही मुलांना तिच्याच तोंडून ऐकू द्यायला हवं होतं.

पिशवी हातातून सुटल्यावर तिला भेटणारी माणसं धड्यात जवळजवळ नसतात. पुण्यात १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून निघाली; २००८ पासून त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे सभासद दारोदार कचरा गोळा करतात. कचरावेचक बाईला वर्गात बोलवावं आणि तिला विचारावं, कुठली पिशवी उचलता, कुठली सोडता? पाच ग्रॅमची झबला असली तर किलोभराला दोनशे उचलाव्या लागतात. दोनशे वेळा वाकायचं, तेही भाजीच्या लगद्याने माखलेल्या पिशव्यांसाठी. बाटली, पुठ्ठा सोडून ती तिच्यामागे का लागेल? पातळ पिशवी रस्त्यावर का राहते याचं उत्तर रसायनशास्त्राइतकंच या वाकण्यात आहे.

'विघटनशील' शब्दावर स्वतंत्र तास घ्यावा इतका तो फसवा झाला आहे. प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या पिशव्या हवेत, मातीत आणि समुद्रात ठेवल्या आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं माती-पाण्यात राहून बाहेर काढली, तरी तिच्यातून सामान आणता येत होतं. 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही सापडली. तिला कुजायला कारखान्याच्या खतखड्यातली ऊब लागते. परसातला खड्डा पुरत नाही. हा प्रयोग तर शाळेला फुकट आहे. कुंपणाकडेला चार खड्डे, त्यात चार पिशव्या, वर खुणेची विटकर आणि तारीख. आठवीत पुरायचं, दहावीत उकरायचं. बाईंच्या शाळेत खड्डे झालेत. मधल्या सुट्टीत क्रिकेटवाल्यांनी एका खुणेची वीट स्टंपाला नेली, त्यामुळे कागदी पिशवी नेमकी कुठे आहे यावर सध्या वाद आहे.

कार्यानुभवाच्या तासाला रद्दीच्या पिशव्या करायची जुनी पद्धत अजून टिकून आहे, आणि गांधीजींच्या १९३७च्या वर्ध्याच्या नई तालीमशी तिचं नातं सांगणारे शिक्षकही भेटतात. पिशवी हातांनी केली की तिची किंमत कळते, हे मान्य. फक्त त्या पिशव्या वडेवाल्याला देऊ नयेत. छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच बजावलेलं आहे. किराणा दुकानाला दिल्या तर ठीक, आणि कुणी शिवणयंत्रावर जुन्या चादरींच्या शिवत असेल तर उत्तमच.

त्या दिवशी तास संपताना बाईंनी गृहपाठ दिला तो घोषवाक्याचा नव्हता. घरातल्या सगळ्या पिशव्या मोजायच्या आणि वहीत तीन रकाने करायचे: पिशवी, कशाची, किती वेळा वापरली. आठवड्याने मी त्या वह्या चाळल्या. 'काळी, प्लॅस्टिक, १' अशा ओळी पुष्कळ. 'हिरवी, कापडी' लिहून खोडलेलं आणि पुढे 'प्लॅस्टिक' असंही बरंच. एका मुलाच्या घरी ६४ पिशव्या निघाल्या आणि आईने त्याला ओरडून त्या परत भरायला लावल्या, हे त्याने शेऱ्यात लिहिलं होतं.

एका मुलीच्या वहीत शेवटची ओळ होती: 'आजीची वायरची.' रंगीत प्लॅस्टिकच्या वायरी आणून बायका दुपारच्या वेळी चौकड्यांच्या पिशव्या विणत, त्यांतली. दुसऱ्या रकान्यात 'प्लॅस्टिक'. तिसऱ्यात आधी ५,००० लिहून खोडलेलं, मग ९,००० लिहून तेही खोडलेलं, आणि बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'आजी म्हणते, त्यात मोजायचं काय.'